दोन किलो चारशे

परवा पहाटे चिमणपुऱ्यातून समर्थ मंदिराकडे चढताना तिला एका घरातून धुरीचा वास आला. ओवा, बाळंतशेपा, वेखंड, लसणीची सालं. घरात बाळ आलेलं असणार. पावसाळी हवेत वास जागचा हलत नव्हता. पुढे यवतेश्वरचा घाट होता, अंग आत्ता कुठे तापत होतं, थांबायचं काही कारण नव्हतं. ती थांबली. बुटाची नाडी सोडून परत बांधली, कुणी बघितलंच तर निमित्त असावं म्हणून.

सांगलीत विश्रामबागेतल्या एका घरात २०१६ च्या श्रावणात हाच वास होता. बाळ मात्र नव्हतं.

मैत्रिणीचं माहेर ते. दोघी विलिंग्डनच्या वसतिगृहातल्या. एक पदार्थविज्ञान शिकवायला राहिली, दुसरी साताऱ्यात पतसंस्थेत चिकटली. मैत्रिणीला नववा लागला होता. एका दुपारी बाळाची हालचाल कळेना म्हणून तपासायला गेली. पडद्यावर ठोके दिसले नाहीत. तरी कळा द्याव्याच लागल्या, प्रसूती व्हावीच लागली. मुलगी होती. परिचारिकेनं वजन केलं आणि सवयीनं मोठ्यानं सांगितलं, दोन किलो चारशे. मग खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, की हे आता कुठे लिहायचं.

सातारकर माणूस बाहेरगावी निघाला की मोती चौकात थांबून कंदी पेढ्यांचा पुडा घेतो. हातालाच ते वळण असतं. सांगलीला निघताना तीही थांबली, आणि दुकानासमोर तिच्या लक्षात आलं की हा पुडा आज नेता येणार नाही. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. अलीकडे मुलीचेही पेढे वाटतात, चांगलंच आहे. पण या घरी काय न्यायचं, ते कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं. रिकाम्या हातानंही जाववेना. शेवटी तिनं किराणा दुकानातून खारीक, सुकं खोबरं आणि डिंक घेतला. बाळ असो-नसो, बाई बाळंतीणच होती.

मैत्रिणीच्या आईनं, काकूंनी, पिशवी उघडून बघितली, काही बोलल्या नाहीत, आणि कढई चढवली. त्या घरी सगळं रीतसर चाललं होतं. तेल, शेक, डोक्याला बांधलेला रुमाल, संध्याकाळची धुरी. दूध आलं होतं. ते जिरावं म्हणून काकूंनी छातीवर जुन्या सुती साडीचा पट्टा घट्ट बांधला होता, आणि ज्या साडीचा तो पट्टा, तिच्याच उरलेल्या कापडाची दुपटी कपाटात घडी घालून ठेवलेली होती. (मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ सालीच मातृदुधाची पेढी सुरू केली होती, आशियातली पहिली. बाळ गेलेल्या आईचं दूधही दुसऱ्या बाळाला पाजता येऊ शकतं, हे त्या दिवशी त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. कुणी सांगितलंही नाही.)

तो १५ ऑगस्ट होता. टीव्ही नुसताच चालू होता, बंद करायला कुणी उठलं नव्हतं. संध्याकाळी रिओहून स्टीपलचेसची अंतिम फेरी लागली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर धावत होती. दोनच दिवसांपूर्वी पात्रता फेरीत तिनं राष्ट्रीय विक्रम मोडला होता आणि अख्खा सातारा जिल्हा त्या एका मुलीच्या मागे उभा होता. अंतर तीन हजार मीटर, अठ्ठावीस अडथळे, सात वेळा पाणी. आवाज बंदच होता. ललिता दहावी आली. पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. त्या खोलीत टाळ्या कोण वाजवणार? पण दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली मैत्रीण उशीला टेकून बसली होती.

‘‘पाण्यात पाय पडला की केवढा वेग कमी होत असेल गं,’’ ती म्हणाली.

त्या दिवसातलं तिचं ते पहिलं वाक्य. साताऱ्याच्या बाईला आजही त्या शर्यतीत कोण जिंकलं ते चटकन आठवत नाही. हे वाक्य आठवतं, आणि कढईत तुपात फुलणाऱ्या डिंकाचा आवाज.

धावणं तिच्या आयुष्यात आधीपासून होतं, पण दुसऱ्यांचं. साताऱ्यात कुठल्याही रस्त्यावर उजाडायच्या आत भरतीची पोरं धावत असतात. फौजेत जायचं म्हणजे सोळाशे मीटर ठरल्या वेळात मारायचं. तिचे वडील निवृत्त सुभेदार, सायकलवरून त्या पोरांच्या मागे शिट्टी वाजवत जायचे. तिला कॅरियरवर बसवून. शाळेत असताना ती शाहू स्टेडियमवर आठशे मीटर धावली, वसतिगृहात असताना मिरज रस्त्यानं दोघी पहाटे पळायच्या, त्यात पळणं कमी आणि परत येताना चहाच जास्त. मग नोकरी, लग्न, सासर. पळणाऱ्या सुनेचं सासरी काय करायचं ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

२०१२ साली साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. कासचं पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं तेही त्याच साली, आणि दोन्हींचा रस्ता एकच. एकवीस किलोमीटर, त्यात निम्मा घाट. बघता बघता गावातले डॉक्टर, वकील, शिक्षक, मसाल्याचे व्यापारी चड्डी घालून रस्त्यावर आले. २०१५ ला गिनीज बुकात नोंद झाली. सुनांचाही प्रश्न आपोआप सुटला, कारण आता सासूबाईच योगा पॅंट घालून फिरायला निघाल्या होत्या.

सांगलीहून परतल्यावर ती पळायला लागली. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. वजन वाढलंय म्हणाली.

रविवारची लांब धाव बहुतेक माहुलीकडे. कृष्णा-वेण्णेचा संगम, छत्रपती घराण्यातल्या समाध्या, ताराराणींची समाधी, येसूबाईंची. आणि खंड्याची. खंड्या म्हणजे शाहू महाराजांचा कुत्रा. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला अशी कथा आहे, आणि त्याची समाधी संगमावर आहे, ही मात्र कथा नाही, हात लावून बघता येते. इतिहासप्रेमी माणसं तिथे कौतुकानं फोटो काढतात. तिचा त्या कुत्र्यावर राग नाही. पण दर रविवारी तिथून वळताना तिच्या मनात एक खडूस हिशेब चालतो. तीनशे वर्षं होत आली, कुत्र्याची जागा सांगता येते. मैत्रिणीला आपल्या मुलीची सांगता येत नव्हती.

एवढ्या लहानग्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. पुरुष जातात. नवरा आणि दीर दिवेलागणीला गेले, तासाभरात आले, आंघोळी केल्या. दहावं नाही, तेरावं नाही, वर्षश्राद्ध नाही. कुठे ठेवलं, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली, आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, धोक्याची पातळी पंचेचाळीस. अर्धी सांगली पाण्यात. दोघं वरच्या मजल्यावर अडकलेली असताना नवरा खिडकीतून बघत म्हणाला, ‘‘पाणी तिथवर गेलं असेल.’’ तेव्हा तिला कळलं की ती जागा नदीकाठी आहे, आणि हेही कळलं की तीन वर्षं हा माणूस रोज त्या जागेचा विचार करतो.

कायद्याला मात्र हे बाळ माहीत असतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा मृतजन्माची वेगळी नोंद ठेवायला सांगतो. अठ्ठावीस आठवडे पूर्ण झालेले असले की नोंद. जिवंत जन्माला नमुना १, मृत्यूला नमुना २, आणि मृतजन्माला नमुना ३. तेव्हाच्या नमुना ३ मध्ये आईबापांची नावं होती, आईचं वय, आईचं शिक्षण, गर्भाचे आठवडे, कारण. बाळाच्या नावाचा रकाना नव्हता. वजनाचा रकाना नमुना १ मध्ये होता, ३ मध्ये नव्हता.

नोकरीच्या ठिकाणी कारकुनानं बाळंतपणाच्या रजेसाठी जन्माचा दाखला मागितला. नाही म्हटल्यावर, मग गर्भपाताची सहा आठवड्यांची रजा घ्या म्हणाला. वास्तविक मातृत्व लाभाच्या १९६१ च्या कायद्यात, ‘मूल’ म्हणजे मृत जन्मलेलंही मूल, असं अगदी सुरुवातीच्या व्याख्यांमध्येच लिहिलेलं आहे. पूर्ण रजा मिळायला हवी होती. ती भांडली नाही. सहा आठवड्यांनी वर्गात उभी राहिली आणि घर्षण शिकवायला घेतलं. केंद्र सरकारनं आपल्या कर्मचारी स्त्रियांसाठी अशा वेळी साठ दिवसांची खास रजा २०२२ मध्ये काढली, तेव्हा तिनं ते कात्रण साताऱ्याला फोनवर पाठवलं. सोबत एक अक्षर नाही.

भेटायला येणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं, पण बोलायचंच आहे. ‘‘तरुण आहात, दुसरं होईल.’’ ‘‘लळा लागायच्या आत गेलं ते बरं.’’ एक बाई तर काकूंना दाराशी हळूच म्हणाली, ‘‘मुलगीच होती ना.’’ ज्या साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेला २८५ ‘नकोशी’ मुली शोधून, कार्यक्रम घेऊन त्यांना नवी नावं द्यावी लागली, आणि ज्या सांगलीत त्याच वर्षीच्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली नऊशेच्या आतच होत्या, तिथल्या हवेत हे वाक्य असणारच. तरी साताऱ्याच्या बाईनं त्या बाईला माफ केलेलं नाही. सांगलीतल्या लग्नाकार्यात ती भेटते, विचारपूस करते. ही पाण्याचा ग्लास घ्यायला उठते.

कुणासाठी तरी पळण्याची कल्पना तिला पेपरातून मिळाली. ब्रिटनमध्ये मृतजन्म झालेल्या पालकांनी १९७८ मध्ये ‘सँड्स’ ही संस्था काढली. तिथे बाळ गेलेले आईबाप, आज्या, मित्र छातीवर नाव लावून पळतात आणि पैसे गोळा करतात. लंडनमध्ये तर गर्भपात आणि मृतजन्मावरच्या संशोधनाला पैसे पुरवणारी ‘टॉमीज’ ही संस्था २०१८ पासून स्वतःची हाफ मॅरेथॉनच भरवते. आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ ला सुरू झाली तेव्हापासून तिच्यामागे देणग्यांची मोठी उलाढाल आहे. पण मुंबईतल्या कंपनीचा साहेब साहेबांकडून पैसे गोळा करतो, ते वेगळं. पतसंस्थेतल्या बाईनं कुणाला काय म्हणायचं? पळणार तुम्ही, पैसे आम्ही का द्यायचे, असं शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांनी विचारलं. चुकीचं काही विचारलं नाही. इथल्या लोकांना पैशासाठी पळणं समजतं ते लता करे यांचं. साठी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून बारामतीच्या शर्यतीत लुगडं नेसून, अनवाणी पळाली आणि पहिली आली. पुढे त्यांच्या आयुष्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनीच काम केलं. ते पळणं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तिनं सोपं केलं. किलोमीटरला दहा रुपये, ज्याला द्यायचे त्यानं द्या, पैसे नवजात बाळांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला जातील. कुणाच्या स्मरणार्थ, हा रकाना संस्थेच्या पावतीवर होता. तिनं सांगलीला फोन लावला. नाव काय लिहू?

नाव ठेवलंच नव्हतं. रुग्णालयाच्या पट्टीवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव, एवढंच. मैत्रीण बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘पावतीवर काही नको. पाठीवर लिहिणार असशील तर वजन लिही.’’

तेव्हापासून साताऱ्याच्या हाफला तिच्या पाठीवर, चार पिनांनी टाचलेल्या कागदावर, ठळक अक्षरांत ‘२ किलो ४००’ असतं.

हा कागद घेऊन पळणं म्हणजे एक स्वतंत्र करमणूक आहे. घाटात मागून येणारा प्रत्येक जण वाचतो. ‘‘ताई, किती महिन्यांत कमी केलं?’’ हा नेहमीचा प्रश्न. एका पुणेकरानं सांगितलं, एवढ्यावर समाधान मानू नका, साखर तोडा. एका पोराला वाटलं ती पाठीवर तेवढ्या वजनाची पिशवी बांधून सराव करते, त्यानं सलाम ठोकला. वळणावर ढोल-ताशा, झांजपथक, शाळेची लेझीम, ध्वनिक्षेपकावरून ओरडणारा निवेदक, ‘‘हसा, हसा, वर कॅमेरा आहे!’’ तिला हा सगळा गोंगाट मनापासून आवडत नाही. एकवीस किलोमीटर माणसाला जरा गप्प राहू द्यावं, असं तिचं मत आहे. पण प्रश्नांना ती उत्तर देते, दरवेळी वेगळं. अडीच महिन्यांत. डाएट नाही हो, नुसतं चालून. खरं सांगावं तर चढावर तेवढा श्वास उरत नाही, आणि उतारावर विचारणारा पुढे गेलेला असतो.

एका वर्षी वर, यवतेश्वर ओलांडल्यावर, पाण्याच्या टेबलापाशी एक बाई उभी होती. खांद्याला पिशवी, काखेत वही. हिनं ग्लास घेतला, वळली, आणि मागून आवाज आला.

‘‘अडीचला शंभर कमीच की.’’

ती थांबली. बाई आशा सेविका होती. वाडीवरच्या बाळाला बघायला निघाली होती आणि गर्दीमुळे रस्ता ओलांडायची वाट बघत होती. ‘‘कितवा दिवस?’’ तिनं विचारलं. तिला त्या आकड्यात दुसरं काही दिसलंच नव्हतं. अडीच किलोच्या आत म्हणजे कमी वजनाचं बाळ, म्हणजे गुंडाळून ठेवा, लगेच आंघोळ घालू नका, पुन्हा पुन्हा पाजा. हिनं खरं ते सांगितलं. बाई ‘‘आगं बाई’’ म्हणाली, मग, ‘‘आईचं कोण बघतंय?’’ आणि मोकळी जागा सापडताच रस्ता ओलांडून गेली. तिला उशीर झाला होता.

घरी येऊन तिनं वाचायला घेतलं, आणि वाचताना पळणं बाजूलाच राहिलं. आशा सेविकेच्या या फेऱ्या सुरू झाल्या त्यांचं मूळ गडचिरोलीत. तिथल्या ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. पुढे ‘कोवळी पानगळ’ नावाच्या अहवालानं महाराष्ट्रातले बालमृत्यू नोंदींपेक्षा किती जास्त आहेत ते दाखवलं आणि सरकारची झोप उडवली. २०११ पासून देशभर आशा नवजात बाळाच्या घरी जाते, तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. पिशवीत थर्मामीटर, घड्याळ आणि वजनाचा काटा. काट्याला कापडाची झोळी. बाळ झोळीत ठेवायचं, काटा वर धरायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा.

पोटातच गेलेल्या बाळाला या फेऱ्यांनी काही फरक पडला नसता, हे तिला कळतं. मैत्रिणीला तर जास्तच कळतं. पण काट्याची गोष्ट फोनवर ऐकल्यावर मैत्रिणीतली मास्तरीण जागी झाली. काट्याचं लघुत्तम माप किती? पन्नास ग्रॅमचं की शंभरचं? झोळी रिकामी टांगून आधी शून्य जुळवतात ना? की झोळीचं वजन मागाहून वजा करतात? साताऱ्याच्या बाईला यातलं काहीच माहीत नव्हतं.

‘‘आमच्याकडे टॉवेलात गुंडाळूनच ठेवली होती काट्यावर,’’ मैत्रीण म्हणाली. ‘‘मी बघितलं. टॉवेल वजा केला की नाही, ते नाही बघितलं.’’

इतकी वर्षं हे तिच्या डोक्यात होतं. कुणाला विचारणार? हातपुसणीचा टॉवेल दीडशे ग्रॅम तरी धरावा लागेल, ओला असेल तर जास्त. सव्वादोन किलो झाली मग. त्या दोघी बराच वेळ टॉवेलाच्या वजनावर बोलत होत्या. मैत्रिणीनं मधेच उठून स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्वतःचा एक टॉवेल ठेवून बघितला आणि आकडा ओरडून सांगितला.

यंदाच्या कागदावर काय लिहायचं, यावर अजून एकमत नाही. मैत्रीण म्हणते, आकडा तोच ठेव, पुढे अधिक-उणे चिन्ह घालून शंभर लिही, मापनातली त्रुटी नेहमी दाखवायची असते. साताऱ्याच्या बाईचं म्हणणं, चार पिनांच्या कागदावर एवढं मावत नाही, आणि ते चिन्ह बघून तर घाटात प्रश्नांना ऊतच येईल.

‘‘येऊ दे की,’’ मैत्रीण म्हणाली. ‘‘या वेळी मी येते पाण्याच्या टेबलापाशी. उत्तरं मी देईन, तू पळ.’’